खड्डा बुजवण्यापूर्वी : इंधनाच्या जुन्या भूमिगत टाक्यांविषयी वाचकांचे प्रश्न

पेट्रोल आणि डिझेलच्या जमिनीखालच्या टाक्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. चारही कोल्हापूर शहर आणि परिसरातली आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न अनेकांचा असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : वडिलांनी १९८६ साली महामार्गालगतची आमची जागा पेट्रोल पंपासाठी भाडेपट्ट्याने दिली होती. मुदत संपली आणि पंपही बंद झाला. जमिनीखाली तीन टाक्या आहेत, दोन पेट्रोलच्या आणि एक डिझेलची. काम घेतलेला कंत्राटदार म्हणतो की टाक्या उचलण्याची गरज नाही. वाळू भरून तोंडे बंद केली की झाले, तसा दाखलाही देतो. आम्हा भावांना तिथे दुकानगाळे काढायचे आहेत. त्याचे म्हणणे मान्य करावे का?
(एक वाचक, उचगाव)

उत्तर : माझा सल्ला असा की मान्य करू नये. टाकी धुऊन, वायुमुक्त करून (म्हणजे आतली इंधनाची वाफ पूर्ण घालवून), वाळू किंवा पातळ काँक्रीट भरून जागेवरच ठेवणे ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. टाकी एखाद्या इमारतीच्या पायाला खेटून असेल आणि ती उचलल्यास पाया उघडा पडणार असेल, तर तीच पद्धत योग्य ठरते. आपल्या जागेवर तशी अडचण दिसत नाही. उलट तिथे पाया खणायचा आहे, आणि आज वाळू भरून ठेवलेल्या टाक्या उद्या त्याच पायाच्या आड येतील. त्याहून मोठे कारण दुसरेच आहे. टाकी उचलल्याशिवाय तिच्या पोटाखालची माती दिसत नाही, आणि तिथे काय झिरपले आहे हे पाहण्याची सर्वांत सोपी व स्वस्त संधी खड्डा उघडा असतो त्या दोन-तीन दिवसांतच मिळते. एकदा भर घालून फरशी झाली, की तेच पाहायला यंत्राने बोअर घ्यावे लागतात.

टाकी बंद करणे आणि जमीन तपासणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. कंत्राटदार देऊ करत असलेला दाखला पहिल्या कामाचा असतो. टाकी रिकामी आहे, आत स्फोटक वाफ नाही, एवढेच तो सांगतो. मातीविषयी त्यात एक अक्षरही नसते. आपल्या वाचकांनी हा फरक पक्का ध्यानात ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पुढे जागा विकताना किंवा बँकेकडे कर्ज मागताना दोन्हींविषयी विचारणा होऊ शकते आणि हातात एकच कागद असतो.

पहिल्या कामाचा क्रम थोडक्यात असा. पंपाचा साठवण परवाना पेट्रोलियम कायदा, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांखाली दिलेला असतो आणि तो देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपूरला आहे. टाक्यांना हात लावण्यापूर्वी परवानाधारकाने त्या कार्यालयाला लेखी कळवावे आणि काम संपल्यावर परवाना परत करावा; जिल्हाधिकारी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र ज्या फाइलमध्ये आहे, तिथेही हा पत्रव्यवहार जोडून ठेवावा. मग उरलेले इंधन उपसणे, पाइपांतले इंधन टाकीत उतरवून घेणे, वीज तोडणे, तळाचा गाळ काढणे आणि वाफ घालवणे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती वर निघून न जाता खड्ड्यात आणि टाकीच्या तळाशी बसून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असले, की एक ठिणगी पुरते. म्हणून मॅनहोलमधून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर मापकाने नोंद घेतल्याशिवाय काम पुढे सरकू देऊ नये. टाकीत माणूस उतरवायचाच असेल, तर आतला प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा कमी नसावा, तपासलेल्या हवेचा सक्षम व्यक्तीने दिलेला दाखला हातात असावा आणि बाहेर दोर धरून दुसरा माणूस उभा असावा. आत पडलेल्याला वाचवायला तसाच उतरलेला दुसराही आतच राहिला, असे या धंद्यात पुन्हा पुन्हा घडले आहे.

तळाचा तेलकट गाळ हा धोकादायक कचरा आहे. तो २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांखाली येतो आणि अधिकृत वाहतूकदारामार्फत रांजणगाव किंवा तळोजा येथील सामायिक प्रक्रिया केंद्रासारख्या ठिकाणीच जायला हवा. गेल्याची पावती मागून घ्या. गाळाचे पिंप कुठे गेले याचे उत्तर कोणी ‘व्यवस्था केली’ एवढेच देत असेल, तर ते पिंप जवळच्या ओढ्याकडे गेले असण्याची शक्यता धरून चाला.

आता मातीकडे वळतो. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण अशी रचना बहुतेक ठिकाणी आढळते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या दरवर्षीच्या ओढाताणीत टाकीपेक्षा पाइपांचे सांधे आधी सैल होतात. एका बंद पंपावर आम्ही टाकी उचलली, तेव्हा तिचे पत्रे ठणठणीत होते, वरचा डांबरी लेपही जागोजागी शाबूत होता, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. पण गाड्यांत इंधन भरणाऱ्या यंत्राकडे जाणाऱ्या पाइपाची चारी उकरताना एका सांध्याखालचा मुरूम नेहमीसारखा तांबूस-पिवळा न दिसता राखाडी-हिरवट निघाला. हाताच्या लांबीएवढा पट्टा होता, कडा अगदी स्पष्ट. इंधन खाणारे जीवाणू मातीतला प्राणवायू संपवतात, मग मुरमातल्या तांबड्या लोहाचे रूप पालटते आणि रंग असा उतरतो. खाली खणत गेलो तसा तो पट्टा रुंदावत पाषाणाच्या भेगेत शिरला होता. त्या पंपावरच्या रोजच्या डीपच्या, म्हणजे टाकीत काठी घालून साठा मोजण्याच्या, नोंदींत वर्षानुवर्षे थोडी घट दिसत होती आणि ती उन्हाने उडाली असे समजून सोडून दिली गेली होती.

थोडी घट म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहावा. सेकंदाला एक थेंब धरला आणि थेंब एक मिलिलिटरचा विसावा भाग मानला, तर दिवसाला सव्वाचार लिटरांहून थोडे अधिक, वर्षाला दीड हजार लिटरांहून जास्त इंधन जमिनीत जाते. हजारो लिटरांची विक्री असलेल्या पंपाच्या वहीत हा आकडा डोळ्यांत भरत नाही. म्हणून जुन्या डीपच्या वह्या मिळत असतील, तर कंत्राटदार येण्यापूर्वीच ताब्यात घ्या. कुठे जास्त खोल तपासायचे, हे त्या सांगतात.

नमुने कुठून घ्यावेत, हे मी असे ठरवतो. प्रत्येक टाकीच्या दोन्ही टोकांखाली, भरावाची वाळू बाजूला सारून मूळ जमिनीत फूट-दीड फूट खाली. टँकर जिथे ओततो त्या तोंडाखाली. प्रत्येक यंत्राच्या पायाखाली. आणि पाइपाच्या चारीत दर वीस फुटांवर तसेच प्रत्येक सांध्याखाली. भरावाच्या वाळूचा नमुना घेऊन ‘माती स्वच्छ’ असा अहवाल मिळवणे सोपे असते, म्हणून नमुना घेताना आपण स्वतः उभे राहा. काळ्या मातीत रंगाचा बदल दिसत नाही. तिथे पिशवीत माती घालून, तोंड बांधून, काही मिनिटे उन्हात ठेवून वरच्या हवेत वाफमापकाची नळी घालतात. ज्या जागेच्या मातीचा आकडा चढतो, तिथला नमुना प्रयोगशाळेला जातो. माती नाकाशी नेऊन वास घेण्याची सवय मात्र सोडावी, कारण पेट्रोलमधले बेंझीन हे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले द्रव्य आहे.

नमुना काचेच्या बरणीत काठोकाठ भरावा, झाकण घट्ट लावावे आणि बरणी लगेच बर्फाच्या पेटीत ठेवावी. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या नमुन्यातले बेंझीन उडून गेलेले असते आणि येणारा स्वच्छ अहवाल खोटा असतो. प्रयोगशाळा राष्ट्रीय मान्यता मंडळाची, म्हणजे एनएबीएलची मान्यता असलेली निवडावी आणि ती मान्यता याच चाचण्यांसाठी आहे ना, हे विचारावे. बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन व झायलीन ही चार द्रव्ये आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, म्हणजे इंधनातल्या अशा सगळ्या द्रव्यांची बेरीज, तपासून मागावेत. आपल्या टाक्या १९८६ च्या असतील, तर शिसेही तपासा. देशभर शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आले. त्याआधीची चौदा वर्षे आपल्या टाक्यांत शिसेयुक्त पेट्रोल असण्याचा संभव आहे, आणि शिसे बेंझीनसारखे उडून किंवा कुजून जात नाही.

अहवाल आल्यावर आकड्यांची तुलना कशाशी करायची, हा पुढचा प्रश्न. नेदरलँड्समध्ये खनिज तेलासाठी एक किलो मातीत ५००० मिलिग्रॅम ही हस्तक्षेपाची, म्हणजे जिच्यापुढे माती साफ करण्याचा विचार करावा लागतो अशी, मर्यादा मानतात आणि सल्लागार अशा परदेशी मर्यादांचा आधार घेतात. तिथे गाळे होणार की राहती घरे आणि जवळ विहीर आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय निव्वळ आकड्यावर निर्णय देणाऱ्या सल्लागाराचे मी ऐकणार नाही. दूषित भाग लहान असेल, तर ती माती काढून अधिकृत केंद्राकडे पाठवणे सर्वांत सरळ. जास्त असेल, तर ढीग पसरून, ओलावा व हवा देऊन जीवाणूंकडून तेल कुजवण्याची पद्धत आहे. दिल्लीच्या टेरी संस्थेने तेल खाणाऱ्या जीवाणूंचे मिश्रण यासाठी विकसित केलेले आहे.

खर्च कोणी करायचा? भाडेकरूने, असे माझे स्पष्ट मत आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधील कलम १०८ नुसार भाडेकरूला आपली जोडलेली वस्तू काढून नेता येते, पण जागा घेतली तशी परत करण्याच्या अटीवर. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले आहे, आणि दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र नियमही केले आहेत. जागेचा ताबा परत घेताना सही करण्यापूर्वी मातीचा अहवाल हातात असावा, आणि ‘कोणतीही तक्रार नाही’ असे छापील वाक्य पावतीत असेल तर ते खोडून घ्यावे. आपल्या वकिलांना मूळ भाडेपट्टा आजच दाखवा.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्याला पावसाळ्यानंतर रॉकेलसारखा वास येऊ लागला आहे. दोनशे फुटांवर पेट्रोल पंप आहे. आम्ही पाणी तपासून घेतले, तर अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा आला. सासूबाई म्हणतात, उकळून घेतले की झाले. काय करावे?
(एक गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, ते पाणी पिणे आणि त्याने स्वयंपाक करणे आजपासून थांबवा. उकळल्याने जंतू मरतात, बेंझीन मात्र वाफेबरोबर पाण्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येते आणि शेगडीपाशी उभे राहणाऱ्याच्या छातीत जाते. बंद न्हाणीघरात त्याच पाण्याने गरम आंघोळ करणेही टाळा. सासूबाईंना हे समजावून सांगा. त्यांचा उपाय जंतूंच्या बाबतीत खराच आहे.

आपला अहवाल खोटा असेल असे नाही. नेहमीच्या पाणी तपासणीत कठीणपणा, क्षार, नायट्रेट आणि जंतू पाहतात. पेट्रोलमधली द्रव्ये त्यात नसतातच. वर सांगितलेली चार द्रव्ये आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन असे नावानिशी लिहून पुन्हा चाचणी मागा. बोअर दहा मिनिटे चालवा, मग काचेची बाटली हवेचा बुडबुडाही न राहता भरा आणि बर्फात ठेवून पाठवा.

बेंझीनची पिण्याच्या पाण्यातली जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पेट्रोलमध्ये बेंझीन एक टक्क्यापर्यंत असू शकते. त्या हिशेबाने एका लिटर पेट्रोलमधले बेंझीन पूर्णपणे पाण्यात उतरले, तर ते सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. एवढ्याशा वासाकडे मी दुर्लक्ष करू देत नाही, त्याचे कारण हे आहे.

तरीही पंपावर आरोप करण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. पाण्यात बुडणाऱ्या काही मोटारींमध्ये तेल भरलेले असते आणि सील गेले की तेच तेल बोअरमध्ये येते; अशा घरी मोटार बदलल्यावर वास गेला, असेही मी पाहिले आहे. आसपास गॅरेज, जनरेटरची टाकी किंवा बंद पडलेला जुना पंप आहे का, हेही विचारा. वास पावसाळ्यानंतरच आला, ही आपली नोंद महत्त्वाची आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलावर तरंगते. पावसात पातळी चढली की कोरड्या मुरमात अडकलेले इंधन उचलले जाते आणि पाषाणाच्या भेगांतून पसरते. म्हणून ही तपासणी मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा करावी लागते. शेजारच्या घरांनीही आपापले नमुने द्यावेत. कोणत्या दिशेला आकडे वाढतात, त्यावरून उगम कळतो.

अहवालाची प्रत जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उद्योग भवनातील कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तेल कंपनीलाही पत्र द्या. टाकीची व पाइपांची दाबचाचणी आणि साठ्याचा ताळेबंद मागणे हा आपला रास्त हक्क आहे. त्यातून काही झाले नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे. भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीच्या आवारात भट्टीसाठी बसवलेली दहा हजार लिटरची डिझेलची टाकी पंधरा वर्षे वापरात नाही. भंगारवाला ती जागेवर गॅस कटरने कापून न्यायला तयार आहे आणि चांगला भाव देतो. डिझेल पेट्रोलसारखे पेटत नाही, म्हणून हरकत नाही ना?
(एक कारखानदार, उद्यमनगर)

उत्तर : हरकत आहे, आणि मोठी आहे. डिझेल थंड असताना सहज पेटत नाही हे खरे. त्याचा ज्वलनांक, म्हणजे ठिणगीने पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला सुटते ते तापमान, पेट्रोलपेक्षा पुष्कळ वर असतो. पण कटरची ज्योत पत्र्याला लागली, की आतल्या भिंतीला चिकटलेला थर तापून वाफ होतो आणि बंद टाकीत ती वाफ कोंडते. पंधरा वर्षे रिकामी असलेली टाकीसुद्धा अशी फुटू शकते, कारण गंजाच्या पापुद्र्यांखाली तेल साठून राहते. आधी झाकण उघडणे, गाळ काढणे, धुणे, वाफ मोजणे आणि मगच कापणे. तेही शक्य तर ठिणगी न उडवणाऱ्या अवजाराने. भंगारवाल्याकडे हे सगळे नसेल, तर त्याचा भाव कितीही चांगला असो, त्याला आवारात घेऊ नका. तिथे कामाला येणारी मुले अठरा-वीस वर्षांची असतात.

दहा हजार लिटरच्या टाकीला परवाना लागतच होता. डिझेलच्या वर्गातील इंधनासाठी परवान्याशिवायची मर्यादा एकूण २५०० लिटर आहे, आणि तीही एका भांड्यात १००० लिटरपेक्षा जास्त नसेल तरच. जुना परवाना सापडला तर तो रीतसर परत करा. नसेल, तर ती गोष्ट लपवून रातोरात टाकी हलवण्यापेक्षा पेसोला कळवून काम करणे सुरक्षित. खालच्या मातीची तपासणी पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणेच करावी. डिझेल हळू उडते, त्यामुळे ते मातीत अधिक काळ टिकते.

प्रश्न : शिरोली भागातल्या आमच्या बंद पंपाच्या दोन टाक्या मे महिन्यात उपसून रिकाम्या केल्या. उचलण्याचे काम दिवाळीनंतर करू, असे ठरते आहे. चालेल का?
(एक पंपचालक)

उत्तर : पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका. वीस हजार लिटरची टाकी पूर्ण पाण्याखाली गेली, तर पाणी तिला वीस टनांच्या जोराने वर ढकलते आणि तिचे स्वतःचे वजन अडीच-तीन टनांच्या आसपास असते. वरची माती, फरशी आणि असलेच तर टाकी बांधून ठेवणारे पट्टे यांच्या भरवशावरच ती खाली राहते. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी कुठपर्यंत आले होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आणि पूर रस्त्यावर आला नाही, तरी काळ्या मातीत पाणी फरशीखाली चढतेच. टाकी उचकटली, की पाइप तुटतात आणि त्यांत उरलेले सगळे इंधन पुराच्या पाण्यात जाते.

जूनपूर्वी उचलणे जमणार नसेल, तर टाकी धुऊन, वायुमुक्त करून स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरा. ते पाणी नंतर उपसताना तेलकट पाणी म्हणूनच अधिकृत वाहतूकदाराकडे द्यावे लागेल, गटारात सोडता येणार नाही. टँकर ओतण्याच्या तोंडाला कुलूप पुरेसे नाही. पाइप काढून तोंड पक्के बंद करा, म्हणजे चुकूनही कोणी त्यात माल उतरवणार नाही. व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणारा उभा पाइप, मात्र टाकी उचलेपर्यंत उघडाच ठेवा आणि त्याचे वरचे तोंड पुराच्या पातळीच्या वर आहे ना, ते पाहा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की डीपची काठी घालून टाकीतले पाणी तपासा आणि तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा. ४३ फुटांच्या धोका पातळीपर्यंत थांबलात, तर शिरोलीचा रस्ताच बंद झालेला असू शकतो.